करून देणे आणि करू देणे : बालकांसाठी व्यवसायोपचाराची वाटचाल

'व्यवसाय' हा शब्द कानी पडताच व्यापारी समाजाच्या डोळ्यांसमोर पेढी, दुकान, रोजमेळ आणि खातेवही उभी राहते. त्यामुळे तीन वर्षांच्या एखाद्या बालकाला डॉक्टरांनी 'व्यवसायोपचार' सुचविला, तर घरातील वडीलधारी मंडळी गोंधळून जातात. ज्याला अजून चमचा धरता येत नाही, त्याला व्यवसाय कसला, असा प्रश्न त्यांना पडतो आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु या शास्त्रात व्यवसाय म्हणजे द्रव्यार्जन नव्हे. मनुष्याचा दिवस ज्या ज्या कृतींनी भरलेला असतो, त्या साऱ्या कृती म्हणजे त्याचा व्यवसाय. बालकाचा व्यवसाय म्हणजे खेळणे, जेवणे, अंगात कपडे घालणे, शाळेत बसून लिहिणे आणि भावंडांत मिसळणे. जन्मतः अथवा आजारपणामुळे या गोष्टी ज्याला साधत नाहीत, त्याला त्या त्याच्या स्वतःच्या हातांनी साधाव्यात यासाठी केलेला पद्धतशीर प्रयत्न म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

भौतिकोपचार (फिजिओथेरपी) आणि व्यवसायोपचार यांत पुष्कळांची गल्लत होते. दोन्ही उपचार एकमेकांना पूरक आहेत. भौतिकोपचारात सांधे, स्नायू, तोल आणि चालणे यांवर विशेष भर असतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ मात्र प्रथम एकच प्रश्न विचारतो : या बालकाचे कोणते काम अडले आहे, आणि ते नेमके कोठे अडले आहे? घास तोंडापर्यंत जात नसेल, तर त्याचे कारण हाताची पकड, खांद्याचा ताठरपणा, मानेचा तोल, बसण्याची चुकीची पद्धत किंवा अन्नाचा स्पर्शच सहन न होणे, यांपैकी काहीही असू शकते. कारण सापडले की उपाय ठरतो. ऐकावयास साध्या वाटणाऱ्या या प्रश्नापर्यंत पोहोचण्यास या शास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

उगम : कामातून आरोग्य

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवीत. १७९६ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने क्वेकर पंथीयांनी 'रिट्रीट' नावाचे आश्रयस्थान उघडले. तेथे रुग्णांना माणुसकीने वागविले जाई व बागकाम, शिवणकाम अशी कामे दिली जात. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फिलिप पिनेल हे डॉक्टर याच मताचा पुरस्कार करीत होते. काम हा उपचाराचा एक मार्ग होऊ शकतो, हा विचार येथे रुजला.

पुढे अमेरिकेत डॉ. हर्बर्ट हॉल यांनी १९०४ साली मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड या किनाऱ्यावरील गावी हातमाग, कुंभारकाम इत्यादी कामांच्या साहाय्याने मानसिक थकव्याच्या रुग्णांवर उपचार आरंभिले. १९१७ सालच्या मार्च महिन्याच्या १५ तारखेला न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे मोजकी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी या विद्येची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ज्यांच्या घरी ही बैठक भरली, ते जॉर्ज बार्टन हे व्यवसायाने वास्तुविशारद. क्षयाचा विकार, पायावरील शस्त्रक्रिया आणि डाव्या अंगाचा अर्धांगवायू या सर्वांतून ते स्वतः काम करीत करीतच सावरले होते. एलिनॉर क्लार्क स्लेगल या संस्थापक सदस्येने पुढे या क्षेत्रातील शिक्षणाची घडी बसविली. या बैठकीनंतर तीन आठवड्यांतच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी अशा प्रशिक्षित स्त्रियांची मोठी गरज निर्माण झाली.

बालकांकडे या विद्येचे लक्ष वळले ते प्रामुख्याने दोन व्याधींमुळे. पहिली व्याधी पोलिओ. दुसरी मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी अथवा त्यानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्यास स्नायूंवरील ताबा बिघडतो, हे लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी १८६२ साली सविस्तर मांडले होते. तथापि अशा बालकांना शिकविता येते, त्यांच्याकडून काही करून घेता येते, हे मान्य होण्यास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली. १९३० च्या दशकात बाल्टिमोरचे अस्थितज्ज्ञ डॉ. विन्थ्रॉप फेल्प्स यांनी अशा मुलांच्या पुनर्वसनाचे पद्धतशीर काम केले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डॉ. कारेल व बेर्टा बोबाथ या दांपत्याने ताठर स्नायूंची हालचाल सुलभ करण्याची आपली पद्धत विकसित केली.

मुंबईतील दोन स्त्रिया

भारतातील या कार्याचा इतिहास मुंबईच्या दोन स्त्रियांपासून सुरू होतो.

पहिल्या, श्रीमती फातेमा इस्माईल. १९२१ साली परळ येथील एल्फिन्स्टन मिलच्या आवारात महात्मा गांधींच्या हस्ते विलायती कापडाची जी ऐतिहासिक होळी झाली, त्या आवाराचे मालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. फातेमाबाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी योग्य उपचार शोधताना त्या मद्रासचे अस्थितज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्यापर्यंत पोहोचल्या. आपल्या मुलीला जे मिळाले ते इतरांच्या मुलांनाही मिळाले पाहिजे, या निश्चयाने त्यांनी १९४७ साली मुंबईत अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. चौपाटीवरील डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या दवाखान्याच्या जागेत प्रारंभ झालेल्या या कार्यातून पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय आकाराला आले. १९५८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

दुसऱ्या, श्रीमती कमला निंबकर. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील माउंट हॉली येथे एका क्वेकर कुटुंबात १९०० साली जन्मलेल्या एलिझाबेथ लुंडी १९३० साली भारतात आल्या, विष्णु निंबकर यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि कमला निंबकर हे नाव धारण करून येथल्याच झाल्या. ज्या पंथीयांनी यॉर्कला मनोरुग्णांच्या साखळ्या दूर सारल्या, त्याच पंथात त्या वाढल्या होत्या, हा योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. १९४० च्या दशकात त्यांनी वयाच्या चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थिनी होऊन फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. १९५० साली त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील व्यवसायोपचाराची पहिली शाळा सुरू केली. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या संपत्तीतून उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आणि महानगरपालिकेचे हे रुग्णालय १९२६ पासून एकाच आवारात नांदत होते. एका व्यापाऱ्याच्या दानाने उभ्या राहिलेल्या वास्तूच्या छायेत ही विद्या भारतात रुजली.

१९५२ साली व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी या क्षेत्राचा जागतिक महासंघ जन्माला आला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत अमेरिका, इंग्लंड, कॅनडा यांच्याबरोबर नुकताच स्वतंत्र झालेला भारतही होता. १९५८ साली नागपुरातही व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. कमलाबाईंचे १९७९ साली निधन झाले. त्यांचे नाव फलटण येथे १९८६ साली सुरू झालेल्या 'कमला निंबकर बालभवन' या शाळेच्या रूपाने चिरंतन झाले आहे. तथापि त्या शाळेचे नाव जाणणाऱ्या सर्वांनाच त्यांचे हे मूळ कार्य ठाऊक असते असे नाही.

हातमागाकडून गुंडीकडे

प्रारंभीच्या काळात व्यवसायोपचार विभाग म्हणजे एक छोटा कारखानाच वाटे. तेथे हातमाग असत, सुतारकामाची हत्यारे असत, टोपल्या विणण्याचे साहित्य असे. यामागे शास्त्र होते. धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जाताना दोन्ही हात व नजर यांचा मेळ बसतो. फणी ओढताना खांदा व कोपर यांना व्यायाम घडतो. पावडीमुळे पायांना बळ येते. शिवाय विणलेले कापड बोटाबोटाने वाढताना डोळ्यांना दिसते, म्हणून कंटाळा येत नाही. परंतु या पद्धतीला मर्यादा होत्या. मागावर उत्तम विणणारे मूल घरी गेल्यावर स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावू शकेलच, याची शाश्वती नव्हती. म्हणून हळूहळू या शास्त्राचा कल बदलला. हस्तकला हे साधन राहिले आणि रोजच्या जीवनातील कृती हे साध्य ठरले.

या बदलाचे मर्म कपडे घालण्याच्या साध्या कृतीत पाहता येते. अर्ध्या अंगात बळ कमी असलेल्या मुलाने सदरा घालताना अधू हात प्रथम बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा, हा या विद्येतील प्राथमिक धडा. हा क्रम उलटा झाला तर मूल रडते, आई घाईला येते आणि अखेर आईच सारे कपडे चढविते. गुंड्या लहान असतील तर मोठ्या लावाव्यात, किंवा त्यांच्या जागी चिकटपट्टी लावावी. नाडीऐवजी इलॅस्टिक घालावे. गळा थोडा मोठा ठेवावा. मागे बंद असलेला झगा देखणा खरा, पण तो मुलीला कायम दुसऱ्याच्या हाती सोपवितो. समोर उघडणारा झगा तिला स्वतंत्र करतो.

शिकविण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला असतो. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवितात. म्हणजे विजार गुडघ्यांपर्यंत आईने चढवावी आणि कमरेपर्यंत मुलाने ओढावी. मग थोडी आधीची पायरी, मग तिच्याही आधीची. यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो.

जेवणाचेही तसेच. चमच्याच्या दांड्याला कापडाची घट्ट पट्टी गुंडाळून तो जाड केला की दुर्बळ मुठीत टिकतो. ताटाखाली ओला फडका ठेवला की ते सरकत नाही. ताटाला उभे काठ असले की घास काठाशी अडवून चमच्यात घेता येतो. पाय लोंबकळत असतील तर त्यांखाली पाट ठेवावा, कारण पावलांना आधार मिळाला की कंबर स्थिरावते आणि कंबर स्थिरावली की हात मोकळे होतात. बोटांच्या चिमटीसाठी चुरमुरे वेचणे, मणी ओवणे, कणकेचे गोळे करणे, धान्य निवडणे हे खेळ प्रत्येक स्वयंपाकघरात उपलब्ध आहेत. मात्र अशा खेळांत मणी वा दाणे नाकातोंडात जाऊ नयेत, म्हणून मोठ्या माणसाने शेजारी बसणे आवश्यक आहे. कोणत्या मुलाला कोणती कृती, किती वेळ व कोणत्या क्रमाने द्यावयाची, हे मात्र तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते.

न दिसणारी अडचण

१९७२ हे वर्ष या क्षेत्रात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ डॉ. ए. जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकत्रीकरणाविषयीचा आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. हातपाय धडधाकट असूनही काही मुले गोंगाटाने भेदरतात, केस कापू देत नाहीत, ठरावीक कापडाचा स्पर्श सहन करीत नाहीत, किंवा सतत आपटत-धडपडत राहतात. स्पर्श, तोल आणि शरीराच्या स्थितीची जाणीव यांचा मेळ मेंदूत नीट बसत नसावा, असे एअर्सबाईंचे प्रतिपादन होते. झोके, उतार, चेंडू व निरनिराळे स्पर्श यांच्या योजनाबद्ध खेळांतून त्यांनी उपचाराची पद्धत बसविली. या पद्धतीचा कोणाला व किती उपयोग होतो, यावर तज्ज्ञांत अद्याप चर्चा चालू आहे. परंतु ज्याला घरचे 'हट्टी' म्हणून मारीत होते, त्याच्या वागण्यामागे एखादी खरी अडचण असू शकते, ही दृष्टी मिळाली, हे लहान कार्य नव्हे. स्वमग्न मुलांच्या पालकांना याचे मोल विशेष जाणवते.

त्याच वर्षी मुंबईत श्रीमती मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना जन्मापासून मेंदूचा पक्षाघात होता. १९७३ साली कुलाबा येथे संस्थेचे पहिले केंद्र सुरू झाले. सुप्रसिद्ध अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. शिक्षण आणि उपचार एकाच छताखाली देण्याचा हा प्रयोग पुढे अनेक शहरांनी अनुसरला. आज ही संस्था 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी चिब यांनी पुढे उच्च शिक्षण घेतले व आत्मचरित्रही लिहिले. फातेमाबाई काय किंवा मिथूबाई काय, दोघींच्याही कार्याचा आरंभ स्वतःच्या घरातील लेकराला न लपविण्यापासून झाला, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबाने मनात ठेवावी अशी आहे.

बदललेला काळ

ज्या पोलिओने या कार्याला चालना दिली, तो आता भारतातून हद्दपार झाला आहे. जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. परंतु त्यामुळे व्यवसायोपचाराची गरज संपली नाही. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांमुळे पूर्वी न वाचणारी, अपुऱ्या दिवसांची बालके आता वाचतात. त्यांपैकी काहींना विकासात साहाय्य लागते. स्वमग्नता आणि अध्ययनातील अडचणी यांचे निदानही पूर्वीपेक्षा अधिक होऊ लागले आहे.

कायद्यानेही पुढचे पाऊल टाकले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात ७ प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती संख्या २१ केली व त्यांत सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नता यांचा स्पष्ट उल्लेख केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकास खुंटलेल्या बालकांसाठी जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. शासकीय केंद्राची चौकशी करण्यात कोणत्याही सुखवस्तू कुटुंबाने कमीपणा मानू नये. पहिली काही वर्षे मेंदू घडण्याची असतात. 'मोठा झाला की होईल नीट' या आशेवर ती दवडणे फार महाग पडते.

समाजापुढील प्रश्न

इतिहासाच्या या धाग्यावरून विचार केल्यास सेवाभावी समाजापुढे तीन प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न घरातील आहे. भावंडांच्या सोयरिकी अडतील या भीतीने अनेक कुटुंबांत असे मूल पाहुण्यांसमोर आणले जात नाही, लग्नकार्यात नेले जात नाही, शाळेतही घातले जात नाही. खोलीत राहिलेल्या मुलाचा व्यवसाय, म्हणजे त्याचा खेळ आणि सोबत, तेथेच संपतो. हा दोष त्याच्या व्याधीचा नसतो.

दुसरा प्रश्न दानाच्या पद्धतीचा आहे. शिबिरे भरवून चाकांच्या खुर्च्या वाटण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि त्यामागील भावना शुद्धच असते. परंतु सहा वर्षांच्या मुलाला प्रौढाच्या मापाची खुर्ची मिळाली तर तो तीत एका अंगाला कलतो, पाय लोंबकळतात, पाठीला बाक येऊ लागतो आणि तोल सांभाळण्यातच दोन्ही हात गुंतून पडतात. ज्या हातांनी तो जेवला असता, लिहिला असता, ते हात खुर्चीनेच बांधले जातात. मापाशिवाय शिवलेला कपडा कोणी अंगात घालीत नाही, मग मापाशिवाय खुर्ची कशी द्यावी? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही प्रत्येक व्यक्तीची तपासणी करून, माप घेऊन व वापराचे शिक्षण देऊनच खुर्ची द्यावी, असे सांगितले आहे. पन्नास खुर्च्या एका दिवसात वाटण्यापेक्षा तज्ज्ञाकडून माप घेऊन दहाच द्याव्यात आणि सहा महिन्यांनी त्यांची विचारपूस करावी, हे दान अधिक फलदायी होईल. एखाद्या गरजू बालकाच्या वर्षभराच्या उपचाराचा व प्रवासाचा खर्च उचलणे हेही तितकेच मोलाचे आहे. त्याची कोनशिला बसत नाही, एवढाच काय तो फरक.

तिसरा प्रश्न मातेचा आहे. तज्ज्ञांकडील उपचार आठवड्यातून काही तासांचा असतो. उरलेला सर्व वेळ मूल घरी असते आणि तो भार बहुतेक घरांत एकटी आई वाहते. उपचाराची रीत वडील, आजी-आजोबा व भावंडे यांनीही शिकून घेतली, तर तिला विसावा मिळेल आणि मुलाला सराव.

व्यवसायोपचार चमत्कार करीत नाही. मेंदूला झालेली इजा तो पुसून टाकीत नाही आणि प्रत्येक मूल पूर्णतः स्वावलंबी होईल असे आश्वासनही देत नाही. परंतु आज जे मूल काहीच करीत नाही, ते उद्या काय करू शकेल, हे तो चिकाटीने शोधतो. मराठीत 'करून देणे' आणि 'करू देणे' यांत केवळ एका अक्षराचे अंतर आहे. करून देण्यात माया आहे, घाईही आहे. करू देण्यात माया आहे आणि धीर आहे. घास सांडेल, गुंडी वाकडी लागेल, दहा मिनिटांच्या कामास अर्धा तास लागेल. तो अर्धा तास देण्याची तयारी ज्या घरात व ज्या समाजात आहे, तेथील बालकाच्या हाती त्याचा स्वतःचा दिवस थोडाथोडा येऊ लागतो.